दादाच्या ग्लायडरचा जॅक

दादा, परवा तुझी तेरवी झाली. मांडवात पंगत बसली होती, बुंदी वाढली जात होती, आणि तुझ्याच गोठ्याच्या भिंतीआड चार-पाच माणसं पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोळत उभी होती. खर्र्यानं जबडा सडून मेलेल्या माणसाच्या तेरवीला. मला पाहून एकानं पन्नी पाठीमागे नेली. बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही.

मग गावातला एक पुढारी बोलायला उभा राहिला. त्याआधी तो मांडवाबाहेर जाऊन पिचकारी टाकून आला, रुमालानं ओठ टिपले, आणि तरुणांनी व्यसनापासून दूर राहणं हीच दिगंबररावांना खरी श्रद्धांजली, असं म्हणाला. तुला त्यानं गावाचं भूषण म्हटलं. जिवंतपणी हाच माणूस तुला पतंगवाला म्हणायचा आणि लोकांना हसवायचा. लोकांनी तेव्हाही मान डोलावली होती, परवाही डोलावली. मी पान तसंच टाकून उठले.

पण त्या लोकांची किळस येणं सोपं आहे. त्यांच्याविषयी लिहायचं म्हटलं तर एका बैठकीत वही भरेल. मला तुझीही किळस येत होती, दादा. तुला ते कळलं होतं, आणि कळलेलं मला दाखवायचं नाही असं तू ठरवलं होतंस. आपल्यात ते कधी बोललं गेलं नाही.

हवाई दलात विमानांच्या सांगाड्यांची दुरुस्ती करून तू निवृत्त झालास आणि फुलसावंगीला परत आलास, तो मागे एक लांबलचक बंद ट्रेलर ओढत. गावाला वाटलं, आइस्क्रीमची गाडी आली. आत ग्लायडर होतं, एका बंद पडलेल्या क्लबातून घेतलेलं. पंख सुटे करून दोन्ही बाजूंना उभे बांधलेले आणि मधे धड. "इंजिन नाही त उडते कसं?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला तू हातानं हवा दाखवून समजावत बसायचास. न चिडता. मी असते तर तिसऱ्यालाच हाकललं असतं.

एवढ्या लांब ट्रेलरला तुझ्या घरी छप्पर नव्हतं, म्हणून तो माझ्याकडे महागावला आला. ह्यांच्या मागे मीच वर्कशॉप चालवत होते, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचं. शेडमध्ये एका बाजूला चेसिस, दुसऱ्या बाजूला तुझं ग्लायडर. वर्षातून दोनदा आपण ते जीपला जोडून दूरच्या क्लबवर न्यायचो. तू आत बसायचास आणि मी पंखाचं टोक धरून पळायची. पन्नाशी ओलांडलेली बाई, सलवार-कमीज आणि पायात कॅनव्हासचे बूट. पंख हातातून सुटून वर जायचा तेव्हा माझ्या तळहाताला जे वाटायचं, ते नंतर दिवसभर राहायचं. ट्रॉली विकली गेल्यावर मला असं कधी वाटलं नाही. त्याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत. भाऊ-बहिणीत कोण मानतं.

आणि खर्रा. नोकरीत होतास तोवर तुला सुपारीचंही व्यसन नव्हतं. ते तुला माझ्या वर्कशॉपमध्ये लागलं. माझे कारागीर खायचे, तू त्यांच्यासोबत बसायचास. वहिनी गेल्यावर तू दुपारभर येऊन बसायला लागलास, माझी कामं तपासायचास, वेल्डिंग वरून सुंदर असून उपयोग नाही, आतपर्यंत गेलं पाहिजे म्हणायचास. तू उठून जाऊ नयेस म्हणून मीच चौकातल्या पानठेल्यावरून खर्र्याच्या पुड्या मागवून गल्ल्याच्या खणात ठेवायची. तुला खण ठाऊक होता. हे मी प्रशांतलाही सांगितलेलं नाही. तुझा मुलगा अजून समजतो की बाप गावात येऊन बिघडला.

नागपूरला ऑपरेशन झालं. जबड्याची उजवी बाजू काढली, मानेतल्या गाठी काढल्या, आणि त्यासोबत उजवा खांदा गेला. हात खाली लोंबायचा, खांद्याच्या वर जायचाच नाही. बोलणं संपलं. प्रशांतनं तुला शाळकरी पाटी आणून दिली. घरी आल्यावर तिसऱ्याच आठवड्यात तू फुलसावंगीहून एसटीनं महागावला आलास, तोंडाला पंचा गुंडाळून, आणि पाटीवर लिहिलंस: रॅम्पले जॅक लावाचा.

मी म्हटलं, "आता कायले? तुले आता कोणी उडू देणार आहे?"

तू खाली लिहिलंस: द्याचं आहे.

मग हळूहळू लिहून सगळं सांगितलंस. त्या दूरच्या क्लबवर नवी पोरं-पोरी शिकायला येऊ लागली होती, त्यांना ग्लायडर हवं होतं. पण क्लब चालवणारी माणसं तीनच, तिघंही साठीच्या पुढची. अडचण ट्रेलरची होती. दारातून खाली उतरणाऱ्या दोन लोखंडी पट्ट्या म्हणजे रॅम्प. धड छोट्या गाड्यावर ठेवून त्या पट्ट्यांवरून मागे ओढायचं. ते बाहेर आलं तरी त्याचं चाक पोटातच दुमडलेलं असतं, आणि ते खाली सोडायला दीड क्विंटलचं धड वीतभर वर उचलावं लागतं. इतकी वर्षं ते काम तुझा खांदा करत होता. दुसऱ्या बाजूला कोणीही असलं तरी चालायचं. आता तुझा खांदा नव्हता आणि क्लबवाल्यांकडेही तसा कुणाचा नव्हता. त्यांनी फोनवर सांगितलं होतं, दोघांना उतरवता येईल असं काही करून द्या, मग आनंदानं नेतो.

म्हणजे जॅक झाला तर ग्लायडर उडणार, नाही तर शेडमध्ये उंदरांचं होणार. मी हो म्हटलं.

भंगारातल्या जीपचा स्क्रू-जॅक मी काढून ठेवला होता. रॅम्पच्या दोन पट्ट्या आडव्या चौकोनी नळीनं जोडायच्या, नळीच्या मधोमध खालून जॅक लावायचा आणि दांडा फिरवून रॅम्पचं टोक उचलायचं. इथवर आपलं एकमत होतं. पुढे भांडण. मला जॅकचं डोकं नळीला वेल्ड करून पक्कं करायचं होतं. तू पाटीवर लिहिलंस: पिन टाक. रॅम्पचं एक टोक बिजागरीवर आहे, त्यामुळे दुसरं सरळ वर जात नाही, जरासं कमानीत जातं, जॅकला तेवढं झुकता आलं पाहिजे. तू कमान काढून दाखवलीस. नळीही तुला पातळ हवी होती. मी म्हटलं, तीन-तीन टन कापूस माझ्या वेल्डिंगवर जातो, मला शिकवू नकोस. तू पुसून पुन्हा तेच लिहिलंस. पिन.

खरं सांगू? मला पाटी वाचायची असली की तुझ्याजवळ वाकावं लागायचं, आणि जवळ आलं की वास यायचा. औषधाचा, लाळेचा, आणि त्याखाली आणखी एक, कापसाच्या कुजलेल्या पऱ्हाटीसारखा. लवकर सुटका व्हावी म्हणून मी तुझं पुरतं वाचलंच नाही. मी वेल्ड केलं.

ग्लायडरवर प्रयोग नको म्हणून आपण गाड्यावर सोयाबीनची पोती रचली. मी दांडा फिरवला. बोटभर वर गेलं, दोन बोटं गेलं, मग जॅकचा तळ सरकला, जॅक तिरपा झाला आणि वेल्ड होता तिथंच नळी मोडली. पोती आपटली. एक फुटलं आणि सोयाबीन अख्ख्या शेडभर पसरलं. तू खुर्चीवर बसला होतास. तू डावा हात उचलून पाटीवरच्या त्या एका शब्दावर बोट ठेवलंस. बस, तेवढंच केलंस.

मला राग आला. कारागीर पाहत होते. तेवढ्यात तुझ्या तोंडात लाळ साचली, तू थुंकायचा डबा उचललास, पण निम्मं बाहेर पडलं, मी नुकत्याच कापलेल्या तापलेल्या पट्टीवर. चर्र झालं आणि जो वास उठला, तो अजून माझ्या नाकात आहे. एक कारागीर जेवणाचा डबा तसाच टाकून बाहेर गेला. मी म्हटलं, "दादा, थुकाचं असंल त भायेर जात जा. इथं माणसं जेवतात."

तू पंचा नीट बांधलास, पाटी काखेत घेतलीस आणि स्टँडकडे चालत गेलास. मी थांबवलं नाही. मी चार दिवस सोयाबीन वेचत होते आणि स्वतःला सांगत होते की मी चूक काय बोलले.

पाचव्या दिवशी मी पिन टाकली. जॅकच्या डोक्याला दोन कान लावले, मधून पिन, तळाशीही एक पिन, आणि पातळ नळी. सगळं तू काढलं होतंस तसं. माझं म्हणून फक्त एक अडसर, रॅम्प वर गेल्यावर आडवा घालायचा, म्हणजे स्क्रू घसरला तरी धड खाली येणार नाही. प्रशांतला फोन केला की बाबाला घेऊन ये. तुला वाटलं असेल, मी माफी मागायला बोलावलं. मी जॅक दाखवायला बोलावलं होतं. माफी मला मागता येत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

तू अडसर पाहून मान हलवलीस, म्हणजे बरा आहे. मग दांडा स्वतः धरलास, डाव्या हातानं. या वेळी पोती नाही, खरं धड. एक फेरा, दोन फेरे, तू थांबून श्वास घ्यायचास. जॅक तुझ्या कमानीत झुकत गेला, जसा झुकायला हवा होता तसा, आणि रॅम्प वर आला. एका हाताच्या, पोटात अन्न नसलेल्या माणसानं दीड क्विंटल उचललं. मी अडसर घातला. तू खाली बसून कळ ओढलीस आणि चाक खाली येऊन कट्‌कन बसलं.

तू हसलास. तुझं तोंड उघडत नव्हतं, म्हणून ते हसू नाकातून आलं, आणि त्यासोबत फटीतून लाळ आली, रक्ताची, गळ्यावरून सदऱ्यात. तू माझ्याकडे पाहत होतास. आणि मी तोंड फिरवलं.

दादा, ते फिरवायचं ठरवलं नव्हतं. ते आपोआप झालं, पण झालं. मी परत वळले तेव्हा तू तोंड पुसून पाटीवर लिहीत होतास. वास येते का?

मी म्हटलं, "नाही."

तू पाटी पुसलीस आणि अडसरावर बोट ठेवून जाडी वाढव असं खुणेनं सांगितलंस.

त्यानंतर तू महागावला आला नाहीस. दोन महिने खाटेवर होतास, आणि मी दर रविवारी यायची, उंबऱ्यावर उभी राहायची, नाकाला पदर लावून. फिनाइल टाकलंय वाटतं, डोळे चुरचुरतात, असं म्हणायची. तू डोळ्यांनी हो म्हणायचास. फळं तुला खाता येत नव्हती तरी मी फळं आणायची, कारण पिशवी ओट्यावर ठेवून निघता यायचं. एका रविवारी प्रशांत तुझी पट्टी बदलत होता. मी पाहिलं आणि तशीच मागे फिरले. एसटीत मी खिडकीबाहेर डोकं काढून ओकले. शेजारच्या बाईनं मला लिंबू दिलं. गाडी लागते का, विचारलं. मी हो म्हटलं.

तू गेलास तेव्हा मी नव्हते. तुला नेताना मला सर्वांत जास्त वाटली ती सुटका, आणि त्या सुटकेची मला अजून शिसारी येते.

आता तेरवीच्या दिवसाचं उरलेलं सांगते. पंगती उठल्यावर प्रशांत एका माणसाला घेऊन माझ्याकडे आला. त्याचा हायवेवर ढाबा आहे. त्याला ग्लायडर हवं होतं, ढाब्याच्या छपरावर बसवायला. पंखांना लाइटिंग करू, लोक खाली उभे राहून सेल्फी काढतील, दिगंबरराव अमर होतील, असं तो बोटं चाटत म्हणाला. त्याच्या नखांत बुंदीचा पाक होता. प्रशांत त्याला हो म्हणून बसला होता.

मी त्या माणसाला जे बोलले ते लिहीत नाही. तो गेला. मग मी प्रशांतवर तुटून पडले. बापानं तोंड सडलेलं असताना जॅक केला तो कशासाठी, तुला लाज आहे का, त्याचं शेवटचं काम तू ढाब्यावर टांगतोस, मला तुझी किळस येते. हा शब्द मी त्याला वापरला, दादा.

तो चिडला नाही. तुझ्यासारखाच आहे तो, चिडायला त्याला वेळ लागतो. तो म्हणाला, "आत्या, उंबऱ्याच्या आत तू कितीदा आली, सांग. मी रोज दोनदा चिमट्यानं अळ्या काढल्या बाबाच्या गालातून. तुले विमानाचं दुःख हाये."

मग मी म्हटलं, "मले किळस यायची रे."

"मले नव्हती येत काय?" तो म्हणाला.

इतकी वर्षं मी त्याला आळशी समजत होते. शेती बरी करत नाही, बापाचं विमान कधी हात लावून पाहिलं नाही, असं मी कारागिरांसमोर बोललेली आहे. विमानाला त्यानं हात लावला नाही हे खरंच आहे. त्याला ते आवडत नाही, कारण तू मुलापेक्षा जास्त वेळ विमानाला द्यायचास. हे त्यानं मला परवा सांगितलं, सहज, पाऊस नाही आला म्हणावं तसं. तुझ्याविषयीची ही तक्रार मी तुझ्यापर्यंत पोचवते आहे. तिचं उत्तर मी देऊ शकत नाही.

मग तो म्हणाला, ग्लायडर क्लबला जाऊ दे, ढाबेवाल्याला मी नाही सांगतो. पण एक काम कर. "बाबाची खोली तशीच पडली हाये. तेरा दिवस झाले, माह्यानं तिथं जाववत नाही. तू साफ करून दे."

काल सकाळी मी आले. दार उघडलं आणि पहिल्या श्वासातच परत फिरावंसं वाटलं. खिडक्या बंद होत्या. गादीवर तुझ्या डोक्याच्या जागी काळपट पिवळा डाग, हाताएवढा, आणि त्यावर माश्या. भिंतीला, जिथं तू मान वळवून थुंकायचा प्रयत्न करायचास, तिथं ओघळ वाळलेले. खाटेखाली दोन डबे, एक झाकलेला, एक उघडा. कोपऱ्यात पट्ट्यांचा ढीग. नळीतून तुला पेज द्यायची ती पिचकारी, तिच्यात पेज आंबून फुगलेली. पाटी उशीखाली होती. माझ्यासाठी काही लिहिलं असेल म्हणून मी ती उजेडात नेली. पंखा कमी कर, एवढंच होतं.

मी उंबऱ्यावरच दोनदा ओकले. प्रशांतची बायको पाणी घेऊन आली, म्हणाली, राहू द्या आत्या, आपण बाई लावू. मी नको म्हटलं. आधी ओकलेलं धुतलं, मग आत गेले. गादी ओढत नाल्याकडे नेली आणि जाळली. डबे रिकामे केले, घासले, तरी फेकून दिले. भिंत तारेच्या घासणीनं खरवडली, जशी मी गंजलेली पट्टी खरवडते. वास हातात आला, केसांत आला, जिभेवर आला. कुठल्या तरी क्षणी तो वास वाटेनासा होईल, माया येईल, असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. दुपारपर्यंत मला तुझी किळस येतच राहिली आणि मी काम करत राहिले. दोन्ही एकाच वेळी करता येतं, दादा. हे मला तू जिवंत असताना माहीत असतं तर मी खाटेपाशी बसले असते, तोंड वाकडं करून का होईना. प्रशांतला ते माहीत होतं. त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

क्लबची माणसं सोमवारी येणार आहेत. जॅकचा दांडा कुठल्या बाजूला फिरवायचा, अडसर केव्हा घालायचा, ते मी त्यांना दाखवीन. अडसराची जाडी मी वाढवली आहे.

काल फरशी वाळत होती तेव्हा प्रशांत पहिल्यांदा आत आला. त्याच्या हातात दोन कप होते. बसायला काही नव्हतं, म्हणून आम्ही दोघं तुझ्या खाटेच्या उघड्या नवारीवर बसलो. त्यानं नाकानं श्वास घेऊन पाहिला आणि म्हणाला, "हाये अजून."

मी म्हटलं, "हो, हाये."

मग आम्ही चहा प्यायलो. घोट घशाशी अडला, मी तो खाली ढकलला, मग दुसरा घेतला. त्या खोलीत तुला दोन महिने थेंबभर पाणी गिळता आलं नव्हतं. मी कप संपवला.